देवीदासची झडती

डबा उघडून दाखव, असं गुणवंता म्हणाला तेव्हा देवीदासला वाटलं, दसऱ्याची थट्टामस्करी अजून उतरलेली दिसत नाही. तो हसलासुद्धा. भगवंतरावांच्या वखारीच्या फाटकाशी संत्र्याच्या रिकाम्या पेट्यांची थप्पी होती, तिच्यावर एक पाय टेकून गुणवंता उभा होता. पेट्या भरणाऱ्यांचा तो मुकादम. रोज सकाळी देवीदास दिसला की "या, मशीनवाले साहेब" म्हणून सलाम ठोकायचा. आज त्याची नजर देवीदासच्या तोंडाकडे नव्हती, खांद्यावरच्या पिशवीकडे होती. "मालकाचा हुकूम हाये, बाबू. आत जाताना, बाहेर येताना पाहाचं म्हन्ते." देवीदासने विचारलं, "सगळ्यायचं?" गुणवंताने दातातली तणसाची काडी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेली. "सध्या तुयंच." तरी देवीदासचं हसू लगेच गेलं नाही. तोंड हसतच राहिलं आणि हातांनी आपले आपण डब्याची कडी काढली. पोळ्या, वांग्याची भाजी, कोपऱ्यात सुमनने ठेवलेली लोणच्याची फोड. बायकोच्या हातचं जेवण असं उघड्यावर, फाटकात, दुसऱ्याच्या डोळ्यांखाली त्याने कधी पाहिलं नव्हतं. ते फार गरिबाचं दिसलं. गुणवंताने भाजीत बोट घातलं नाही, एवढी मेहरबानी केली. पिशवीच्या तळाशी परवा दीक्षाभूमीवरून घेतलेली एक पुस्तिका होती. ती त्याने उलटी धरून झटकली. पानांतून काही पडलं नाही. "जाय," तो म्हणाला, आणि मग, जणू काही द्यायचं राहून गेलं होतं म्हणून, "सलाम" म्हणाला.

पटांगण ओलांडताना देवीदासला कळत होतं की पेट्या भरणाऱ्या बायका गप्प झाल्या आहेत. पेट्यांत अंथरायच्या तणसाचा कोरडा वास नाकात चढत होता. काय गेलं असेल? रोकड तर त्याच्या हाती कधी येतच नव्हती. त्याच्या हाती यायच्या त्या फ्लॉप्या, तळहाताहून थोड्या मोठ्या, काळ्या, पातळ चौकोनी पाकिटं. मशीनमध्ये घातल्या की अक्षरं उमटायची, काढल्या की मशीन रिकामं. आणि वखारीत चोरण्याजोगं खरं काही असलं तर तेवढंच होतं. ते तसं आहे हे मालकांना सांगणाराही तोच होता. गेल्या बहाराच्या आधी मालकांचा मुलगा अरविंद नागपूरहून कॉम्प्युटर घेऊन आला तेव्हा सारं पांढुर्णा पाहायला लोटलं होतं. त्याच्यासाठी वेगळी खोली झाली, कूलर लागला, दारात चपला काढायची शिस्त आली. देवीदास बी.कॉम.; वस्तीतला पहिला. मालकांच्या पैशाने नागपूरला कोर्स करून आला आणि खोलीचा ताबा त्याच्याकडे गेला. कोर्समध्ये शिकवणाऱ्याने बजावलं होतं तेच त्याने मोठ्या हौसेने मालकांपुढे म्हणून दाखवलं: "मालक, तिजोरीतला माल गेला तं तिजोरी खाली दिसते. याच्यातला माल चोरला तं तो इथंही राहते आन् तिकडंही जाते. चोरी झाली हेच मालूम पडत नाही." मालकांचं पान चघळणं थांबलं होतं. त्या दिवसापासून ते त्या मशीनकडे बिनकठड्याच्या विहिरीकडे पाहावं तसे पाहायचे.

त्यात होतं तरी काय म्हणा. कोणाच्या बागेचा सौदा झाला, झाडं किती, विसार कोणाला पोचला, तोड कधी, आणि कोणत्या बागेसाठी मालक शेवटी किती भावापर्यंत चढायला तयार आहेत. हे शेवटचं जर सौंसरच्या पुंडलिकराव व्यापाऱ्याला कळलं असतं तर त्याने चार आणे वर टाकून मोहगाव-लोधीखेड्याच्या साऱ्या बागा डोळ्यांदेखत उचलल्या असत्या. म्हणून मालकांनी वह्याच बंद केल्या. वही मुनीम वाचतो, मुनीमाचा साळा वाचतो, साळ्याची बायको पाणवठ्यावर जाते. मशीनला तोंड नाही. देवीदासने मशीनला पासवर्ड लावून घेतला, तो दोघांनाच ठाऊक, त्याला आणि अरविंदला. फ्लॉपीची दुसरी प्रत काढून लोखंडी कपाटात ठेवली, कपाटाची किल्ली मालकांच्या कमरेला. कोणी खोलीत आलं की तो पडद्यावरची अक्षरं पुसायचा, मग ते मालकांचे जावई का असेनात. किती मिजास होती त्या पुसण्यात! आता पटांगण ओलांडताना त्याला पहिल्यांदाच उमगलं, की कुलूप जितकं पक्कं करत जावं तितके संशय घ्यायचे लोक कमी होत जातात, आणि फार पक्कं केलं की एकच उरतो. पासवर्डच्या दोन किल्लीदारांतला एक मालकाचा पोरगा असला तर हिशेब करायलासुद्धा बसावं लागत नाही.

खोलीत मालक खुर्चीवर बसले होते, चपला घालून. ते पाहूनच देवीदासने ओळखलं की खोलीची सद्दी संपली. अरविंद मशीनपुढे वाकला होता. दोन्ही फ्लॉप्या, मूळ आणि प्रत, टेबलावर आडव्या. मालक शांतपणे म्हणाले, "कोरी हाये म्हन्ते अरविंद. दोन्हीही. तू कुठं होता देवीदास?" देवीदासने सांगितलं, तेही त्यांना ठाऊकच होतं: दसऱ्याला नागपूर, दीक्षाभूमी, दरवर्षीसारखं. "आन् मंग?" "मंग सौंसरले बहिणीकडं मुक्काम केला." "हां," मालक म्हणाले. "सौंसरले." त्यांनी तो शब्द इतका हळू उच्चारला की देवीदासच्या डोळ्यांपुढे सौंसरचा बसस्टँड आला. बहिणीच्या, म्हणजे वत्सलाच्या, घरून निघून तो पांढुर्ण्याच्या बसची वाट पाहत चहाच्या टपरीवर उभा होता. टपरीला लागूनच पुंडलिकरावांची गादी. पुंडलिकराव स्वतः बाहेर आले, "का गा देवीदास, बरा हायस?" म्हणाले, चहाचे पैसे त्यांनीच दिले. त्यात देवीदासला थोडा मान वाटला होता, खोटं कशाला बोला. दोन घोट त्याने जास्तच सावकाश घेतले होते, येणाऱ्याजाणाऱ्यांनी पाहावं म्हणून. आणि पाहिलं होतं. वखारीचा ट्रक त्याच वेळी समोरून गेला होता, ड्रायव्हरला त्याने हातसुद्धा केला होता. तो हात आता त्याला आपल्याच खांद्यापासून तोडून टाकावासा वाटला.

"मालक, चोरलं असतं तं हे कोरं नसतं झालं," तो म्हणाला. "म्या सांगितलं होतं तुमाले, चोरी झाली तरी माल जागेवर राहते." मालक हसले. ते हसू देवीदासला ओळखीचं होतं. बागवाल्याने झाडं वाढवून सांगितली की मालक असेच हसत. "इथं नाही तं कुठं तरी असनच ना? वस्तू अशी हवेत जाते का?" आयुष्यभर त्या माणसाने वस्तूच पाहिल्या होत्या. संत्रं झाडावर नसलं तर पेटीत असतं, पेटीत नसलं तर ट्रकमध्ये, ट्रकमध्ये नसलं तर कोणाच्या तरी घरात. नाहीसं होणं हे त्यांच्या धंद्यात नव्हतंच. देवीदासने टेबलावरची एक फ्लॉपी उचलली, आणि उचलता उचलताच त्याला दिसलं. काळ्या कव्हराला खाली एक लांबट फट असते, तिच्यातून आतली तपकिरी चकचकीत चकती दिसते. मशीन वाचतं ते तिथूनच. तिथे बोटसुद्धा लावायचं नसतं. त्या फटीत पिवळा आणि लाल, असा वाळलेला ठिपका होता. कोणीतरी तो पुसायचा प्रयत्न केला होता. पुसल्याने तो चकतीवर फरफटत गेला होता, आणि तांदळाचा एक दाणा कडेला अजून चिकटलेला होता. दुसरी फ्लॉपीही तशीच. दसऱ्याला वखारीत काटा, ट्रक, हातोडे, खिळे, झाडून सारी अवजारं पाटावर मांडतात. यंदा मशीनही होतं, आणि कपाटातली प्रतसुद्धा पूजेला काढली असणार, तीही तर अवजारच. काकूंनी, म्हणजे मालकांच्या बायको कलाबाईंनी, प्रत्येक अवजाराला ओलं हळदीकुंकू लावलं असणार. आणि एवढ्या काळ्याभोर वस्तूवर कुंकू कुठे लावायचं, तर तिथेच, जिथे ती उघडी आणि चकचकीत होती. तो इथे असता तर आडवा पडला असता. पण त्या दिवशी तो नागपूरला असायचा, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

देवीदासने दोन्ही फ्लॉप्या मालकांपुढे धरल्या. "हे पाहा मालक. याच्यावर कुंकू लागलं. ओलं कुंकू. त्याच्यानंच गेलं सारं." बोलताना त्याला हायसं वाटत होतं, जीव भांड्यात पडत होता, इतकं साधं होतं ते. चोर नव्हताच कोणी. मालकांनी फ्लॉपीकडे पाहिलं नाही, मुलाकडे पाहिलं. "असं होते का रे?" अरविंदच्या खिशातून रुमालाचं टोक बाहेर आलं होतं, त्याला लाल डाग होता. देवीदासने तो पाहिला. देवीदासने पाहिला हे अरविंदनेही पाहिलं. त्याने रुमाल आत सारला आणि मशीनकडे बघत म्हणाला, "सांगता येत नाही बाबा. व्हायले नाही पाहिजे." कोर्सच्या दिवसांत नागपूरला दोघं एका खोलीत राहिले होते. अरविंद त्याच्या ताटातली भाकर तोडून खायचा आणि म्हणायचा, वखारीत गेल्यावर आपण दोघं मिळून सारं बदलून टाकू. तो गडी हाच का, असं देवीदासला वाटलं नाही; वाटलं ते हे, की हाच होता, तेव्हाही हाच होता. मालक उठले. "आमच्या आज्यापासून दसरा चालू हाये. कुंकवानं काटा बिघडला नाही, ट्रक बिघडला नाही. तुमच्यात पूजा नाही म्हनून तू पूजेवर ढकलतो का रे? तुयी काकू सकाळपासून उपाशी होती त्या पाटाजवळ." देवीदास म्हणाला, "काकूले मी काही म्हनत नाही मालक." "मंग कोनाले म्हनतो?" याला उत्तर होतं, ते खुर्चीपलीकडे पाठ करून उभं होतं, आणि देवीदासने ते दिलं नाही. का दिलं नाही, हे तो पुढे कितीतरी वेळ स्वतःला विचारत राहिला. भीती होती, लाज होती, आणि अजूनही एक मूर्ख आशा होती की अरविंद आपण होऊन बोलेल.

मालक वाईट नव्हते. हेच तर अवघड होतं. त्यांनी देवीदासच्या खांद्यावर हात ठेवला. "तू घरचा हायस. ठाण्यात गेलो तं तुया जिंदगीले डाग लागन, ते मले नाही पाहिजे. उद्या शनवार. जामसावळीले जाऊ. मारुतीच्या पायावर हात ठेव, म्हन की म्या नाही केलं. आपलं मिटलं. पुन्हा कोनी नाव काढलं तुयं, तं माह्याशी गाठ." त्यांच्या आवाजात खरोखर सुटकेचा आनंद होता, भलं सोपं काहीतरी त्यांनी शोधून काढलं होतं. देवीदासने मान हलवली, होकारही नाही आणि नकारही नाही अशी. कोणालाच सुचलं नाही, की या माणसाकडून मागू नये असं जगात एकच काही असेल तर ते हेच. किंवा सुचलं असेल अरविंदला. त्याला खूप सुचायचं.

घरी बापूजी दारातल्या बाजेवर बसले होते. जन्मभर दुसऱ्यांच्या बागांत झाडांची आळी खणून त्यांचे हात वाकडे झाले होते. छप्पन साली, ऐन तरुणपणी, ते नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, आणि आल्या आल्या घरातले देव फडक्यात बांधून जाम नदीत सोडून आले. आजी कपाळ बडवत मागे धावली होती म्हणतात; पुढे नातवाचं देवीदास हे नाव तेवढं तिच्या हट्टाचं राहिलं. त्यानंतर हात कशापुढे जोडायचे आणि कशापुढे नाही, याबाबत त्या घरात कधी चर्चा झाली नाही. देवीदासच्या ताप आलेल्या अंगावरून कोणी अंगारा फिरवला नाही, त्याच्या लग्नात भट आला नाही. गरिबी होती, पण ही एक गोष्ट त्यांनी स्वतः कमावलेली होती. बापूजींनी सारं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नाही घ्याची शपथ. देवच नाही तं त्याच्या पायावर हात कायचा? खऱ्या मानसाले शपथ लागत नाही." सुमन आत पोळ्या लाटत होती. बापूजी पाण्याला उठले तेव्हा ती हलक्या आवाजात म्हणाली, "एक दगड हाये तो. तुमीच म्हनता ना? मंग दगडाले हात लावल्यानं काय होते? चोर म्हनून नाव पडलं तं पांढुर्ण्यात नाही, सौंसरात नाही, कुठंच कोनी उभं नाही करनार." तिचंही खरं होतं. दोघांचंही खरं असलं की माणसाने कुठे जायचं? देवीदास जेवायला बसला, आणि सकाळपासून डब्यात तशाच राहिलेल्या पोळ्या त्याला गुणवंतासारख्या उलट्या करून पाहाव्याशा वाटल्या.

शनिवारी त्याने बापूजींना सांगितलं, मालकांनी बोलावलंय, बोलून येतो. जीप अरविंद चालवत होता. पुढे मालक, मागे गुणवंता, देवीदास, आणि नारळाची पिशवी मांडीवर घेतलेला कवडू. कवडू वखारीत पेट्यांना खिळे ठोकायचा; देवीदासच्याच वस्तीत, दोन घरं सोडून राहायचा. त्याला का आणलं कोण जाणे, नारळ धरायला असेल, किंवा वस्तीतही एक साक्षीदार असावा म्हणून. वाटेने दोन्ही बाजूंना बागा होत्या. कोणती बाग कोणाची, हे देवीदासला झाडांवरून कळत नव्हतं. त्याला फक्त आकडे पाठ होते, आणि ते त्याच्या डोक्यात ओळीने येत राहिले. साऱ्या बागा, सारे भाव. त्याला हसू आलं. चोरायचंच असतं तर फ्लॉपी कशाला लागली असती? हे एवढं कोणी विचारलं नाही त्याला, आणि आता तो सांगणारही नव्हता.

देवळात गर्दी होती. आडवा पहुडलेला मारुती, शेंदराने जाड झालेला. मालकांनी स्वतः नारळ फोडला, स्वतः डोळे मिटले. मग म्हणाले, "ठेव हात." देवीदासने पाहिलं, मारुती त्याच्याकडे पाहत नव्हता, कोणीतरी झोपलेलं असताना त्याच्या पायाशी जाऊन उगाच बोलायचं, असं ते होतं. हात ठेवला. शेंदूर तेलकट, ऊबदार होता. दगड आहे हा, त्याने मनात म्हटलं, नुसता दगड. आणि तेवढ्यात त्याला कळलं की सुमन चुकली होती. दगडाला हात लावल्याने काही होत नसेल, पण हा हात दगडासाठी लावलेला नव्हता, मालकांसाठी होता. मालक शब्द सांगत गेले आणि तो मागून म्हणत गेला: म्या चोरी केली असन तं माह्या घराचं वाटोळं हो. बापूजी त्या घरात बाजेवर बसलेले होते. गुणवंताने सुस्कारा टाकला, कवडू रिकामी पिशवी धरून पाहत होता. मालकांनी त्याला जवळ घेतलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, अगदी खरं पाणी. "मले मालूमच होतं," ते म्हणाले.

चपला घालायच्या जागी अरविंद त्याच्याजवळ आला. बाकीचे पुढे गेले होते. "देवीदास, मनात ठेवू नको. कुंकवानंच झालं ते, मले पहिल्याच दिवशी समजलं होतं. म्या पुसून पाहिलं, पर नाही झालं." देवीदास चपलेचा अंगठा शोधत होता, तो सापडत नव्हता. "मंग बोलला काहून नाही?" अरविंद अवघडून हसला. "आईले काय वाटलं असतं रे. दसऱ्याची पूजा. सालभर मनाले लावून घेतलं असतं तिनं. आन् तुयं तं काय, तू देव मानतच नाही." त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. त्याला खरंच वाटत होतं की यात कोणाचंच काही गेलं नाही.

परतताना देवीदास फाट्यावर उतरला आणि जाम नदीच्या कडेने चालत घरी आला. शेंदूर त्याने वाळूने घासला, पाण्याने घासला. नखांच्या कडेला राहायचा तो राहिला. बापूजी अंगणातच होते. "काय झालं?" देवीदास हात पाठीमागे घेऊन उभा राहिला. "मिटलं." "कसं मिटलं?" आयुष्यात त्याने पुष्कळ गोष्टी बापूजींपासून लपवल्या होत्या, सगळीच पोरं लपवतात. पण त्यांच्या तोंडाकडे पाहत खोटं बोलण्याची ही पहिली वेळ. "मालकानं विश्वास ठेवला. शपथीचं नाव नाही काढलं." म्हाताऱ्याचा सारा चेहरा उजळला. "म्या म्हनलं होतं का नाही? उभं राह्यलं पाहिजे मानसानं. आपन नाही वाकलो तं त्यायले वाकाव लागते." त्यांनी सुमनला हाक मारून धुतलेला सदरा मागितला. "कुठं चालले बापूजी?" देवीदास म्हणाला. "विहाराकडं. सारे जमले असन तिथं. सांगून येतो पोरायले, कसं राहाव लागते ते." सुमन दारात आली, तिने देवीदासच्या हातांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "ऊन हाये बापूजी, नंतर जा," देवीदास म्हणाला. बापूजींनी सदऱ्याच्या गुंड्या वरपर्यंत लावल्या, काठी घेतली, आणि इतक्या वर्षांत चालले नव्हते असे ताठ चालत निघाले. विहाराच्या पायरीवर, सुट्टी मिळाली की बसतो तसा, जीपने केव्हाच परतलेला कवडू बसलेला असणार होता.